वजनघर

त्रिशला मगदूम पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर होती आणि तिला खाली यायचं होतं. गोष्ट एवढीच होती. पण ती मान्य करायला कुणीच तयार नव्हतं. तिला वर पाठवणारे डॉक्टर तयार नव्हते, आणि जिची किडनी तिच्या पोटात होती ती तिची मुलगीही नव्हती.

त्रिशला जयसिंगपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. नवरा, सुकुमार, मुलगी नववीत असतानाच गेला. त्यानंतर घर, शाळा आणि व्हॉलीबॉलचं मैदान तिने एकटीने सांभाळलं. तिने तयार केलेल्या मुली अख्ख्या जिल्ह्यात भांडकुदळ म्हणून ओळखल्या जात. सामना हातातून गेलेला असला तरी त्या शेवटचा चेंडू जमिनीला टेकू देत नसत.

मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी तिच्यावर उलटल्या. आधी सांधे सुजले, नंतर दोन्ही किडन्या गेल्या. प्रचितीने, म्हणजे मुलीने, आपली एक किडनी आईला दिली. सांगलीत तिचं फिजिओथेरपीचं छोटंसं केंद्र होतं. ते महिनाभर बंद ठेवून ती शेजारच्या खाटेवर पडून राहिली. वर्षभर बरं चाललं आणि मग शरीराने ती किडनीही नाकारायला सुरुवात केली. त्या पेशींना दाबणारी औषधं वाढवली की न्यूमोनिया व्हायचा, कमी केली की किडनी सुजायची. त्याच औषधांनी त्रिशलाचा चेहरा फुगून असा झाला होता, की शाळेतल्या नव्या मुली तिचा जुना फोटो पाहून "या कोण?" असं विचारायच्या.

अशा वेळी तिला 'अश्विनी'बद्दल कळलं.

आपल्या रक्तात फिरणाऱ्या टी-पेशी परकं काही दिसलं म्हणून लगेच तुटून पडत नाहीत. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसंच त्यांचंही असतं. पहिला संकेत नुसतं सांगतो, हे परकं आहे. दुसरा बजावतो, हे धोक्याचंही आहे. दोन्ही जुळले की पेशीच्या आतला सांगाडा सरसावून एका बाजूला गोळा होतो, झोपलेली जनुकं जागी होतात, एका पेशीच्या हजारो होतात आणि हल्ला सुरू होतो. वजन नाहीसं झालं की हे सगळं मध्येच अडतं. अंतराळात नेलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून हे विसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. तिथे पेशीचा सांगाडा विस्कटतो आणि निरोप जनुकांपर्यंत धड पोचत नाही. अंतराळवीरांसाठी ही काळजीची बाब होती.

डॉ. केदार सबनीसांनी ती उलटी करून पाहिली. एकच किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली आणि दुसरी कधी लागलीच नाही, तर ते कुलूप हळूहळू निकामी होतं. अशी पेशी त्या एका गोष्टीच्या बाबतीत कायमची बधिर होते. मग बसवलेल्या अवयवाशी रुग्णाच्या पेशींची ओळख वजनाविनाच का करून देऊ नये? पेशी त्या अवयवाला रोज भेटतील, रोज अर्ध्यावर अडतील आणि शेवटी त्याचा नाद सोडतील. नंतर रुग्ण खाली येईल तो औषधांशिवाय. त्यासाठी पाच खाटांचं एक रुग्णालय पृथ्वीभोवती फिरत ठेवलं होतं. त्याचं नाव अश्विनी.

त्रिशला वर गेली आणि काही महिन्यांतच तिची औषधं सुटली. फुगलेला चेहरा उतरला. किडनी पंचविशीतल्या मुलीच्या पोटात असल्यासारखी काम करत होती. शेजारच्या खाटेवर सावंतवाडीचे हेमंत राऊळ होते. त्यांची किडनी त्यांच्या धाकट्या भावाची. दोघं खिडकीशी तरंगत कोकण शोधत बसायचे. ते ढगांखाली असलं तर राऊळ हळहळायचे, "आमचा गाव आज पण दिसूक नाय."

राऊळ सगळ्यांच्या आधी बरे ठरले. टाळ्या वाजवून सगळ्यांनी त्यांना निरोप दिला आणि ते यानात बसून खाली गेले. आठवडाही झाला नसेल, त्यांच्या शरीराने किडनी एका झटक्यात नाकारली. त्यातून ते वाचले नाहीत.

ही बातमी डॉ. सबनीसांनी स्वतः पडद्यावर येऊन सांगितली. त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा ओढलेला होता.

"राऊळांच्या सगळ्याच पेशी बधिर झालेल्या नव्हत्या," ते म्हणाले. "ज्या नुसत्या झोपल्या होत्या, त्या वजन मिळताच एकदम उठल्या. तुमच्यातल्या अशा पेशी किती, हे आज आम्हाला नक्की सांगता येत नाही. त्यामुळे पुढचा निर्णय होईपर्यंत कुणीही खाली येणार नाही."

"आणि तो निर्णय कधी होणार?" त्रिशलाने विचारलं.

"त्रिशलाताई, तुम्ही वर आहात तोवर जिवंत आहात. आमच्या मंडळाचं मत असं आहे, की तुम्ही तिथेच राहावं."

"तिथेच म्हणजे कायमचं?"



त्या दिवशी त्रिशलाने प्रचितीला फोन लावला. तिला वाटलं होतं, निदान ही तरी त्यांच्यावर चिडेल. पण प्रचितीला सगळं आधीच कळलं होतं. ती रडून मोकळी होऊन बसली होती.

"राहा तू तिथे," ती म्हणाली. "रोज बोलू आपण. तू दिसतेस, बोलतेस, मला तेवढं पुरतं."

"मला नाही पुरत."

"आई, राऊळकाकांचं काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. खाली जाऊच नये असं नाही ते सांगत. असं एकदम जाऊ नये, एवढंच सांगतंय."

"म्हणजे तू माझी किडनी पणाला लावणार?" प्रचितीचा आवाज चढला. "पोट कापून दिलीय मी ती!"

"दिलीस ना? मग ती माझी झाली. तिचं काय करायचं ते आता मी ठरवीन."

पडदा काळा झाला. प्रचितीने फोन ठेवला होता. त्यानंतर कित्येक दिवस तिने तो उचललाही नाही. जीभ आवरायला हवी होती, असं त्रिशलाला वाटलं. पण बोललेलं खोटं होतं, असं मात्र वाटलं नाही.

मग नागीण उठली. आधी डाव्या कपाळावर नुसती आग झाली. दुसऱ्या दिवशी भुवईपर्यंत पाणीदार फोडांची माळच दिसायला लागली. अश्विनीवर एकच डॉक्टर असे. सध्या ती पाळी रेहाना मुजावरची होती. मिरजेची, पस्तिशीची, बोलायला चटपटीत. त्रिशलासमोर आरसा धरून तिने फोड एकेक करून तपासले.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना मॅडम?"

"पहिलीत असताना."

"तोच विषाणू आहे हा. कांजिण्या जातात, पण हा जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी लपून बसतो. पेशी पहाऱ्यावर असतात तोवर डोकं वर काढत नाही."

"आणि आता माझे पहारेकरी झोपलेत."

"हो. किडनीला हात लावत नाहीत, तसे यालाही लावत नाहीत." रेहानाने आरसा बाजूला केला. "औषध देते. त्याने हा आटोक्यात राहील. पण डोळ्यात उतरला तर कठीण होईल."

औषधाने फोड पसरायचे थांबले, पण सुकेनात. आठवडे गेले तरी कपाळाला वारा लागला तरी कळ यायची. त्रिशला डोकं कपड्यात गुंडाळून खिडकीशी तरंगत राहायची. इथे राहिलं तर जीव सुरक्षित, असं सगळे म्हणत होते. पण आज नागीण आहे, उद्या दुसरं काही आलं तर? तिच्या शरीराला आता कुणालाच 'नाही' म्हणता येत नव्हतं. हे काही सुरक्षित राहणं नव्हे. घराचं दार कायमचं उघडं टाकून आत बसण्यातला हा प्रकार होता.

मार्ग रेहानाने सुचवला. अश्विनीच्या एका बाजूला लांबलचक दांडा होता, आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघराएवढी खोली. दांडा फिरायला लागला की खोलीतल्या माणसाला वजन येई. वेग वाढवला की वजनही वाढे. मुळात ती अंतराळवीरांची हाडं मजबूत राहावीत म्हणून बांधलेली. अश्विनीवरचे लोक तिला वजनघर म्हणत.

"राऊळ एका दिवसात शून्यावरून पूर्ण वजनावर गेले," रेहाना म्हणाली. "आपण महिने लावू. आधी चंद्रावर असतं तेवढं वजन, मग मंगळावरचं, मग अर्धं, मग पूर्ण. पेशी थोड्या थोड्या उठतील. उठलेलीला समोर किडनी दिसेल, पण पूर्ण जोर नसेल, त्यामुळे तीही बधिर होत जाईल. कागदावर तरी हे पटण्यासारखं आहे. मी प्रस्ताव पाठवलाय."

मंडळाने प्रस्ताव फेटाळला. वजनघरात किडनी बिघडली तर वर शस्त्रक्रियेची सोय नाही, आणि आणखी एक मृत्यू झाला तर अश्विनी बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. सबनीसांनी हे समजावून सांगितलं. सांगताना त्यांना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

"माझ्या हातून अजून एक माणूस जायला नको, ताई," ते शेवटी म्हणाले.

"मी तुमच्या हातात नाहीये, सर," त्रिशला म्हणाली. "मी माझ्या शरीरात आहे."

दुसऱ्या दिवशी रेहाना नेहमीप्रमाणे रक्त घ्यायला आली. त्रिशलाने दोन्ही हात पाठीमागे नेऊन खाटेच्या पट्ट्यात अडकवले.

"आजपासून रक्त मिळणार नाही."

"मॅडम?"

"तुझ्यावर राग नाही गं. पण खाली त्या मंडळाला सांग, मगदूम बाईंच्या पेशी वर काय करतात ते बघायचं असेल, तर आधी मगदूम बाईंचं ऐका. मला कायमचं ठेवायचंय ना? ठेवा. पण मग मी त्यांचा प्रयोग नाही. मी इथली भाडेकरू."

रेहानाने हसू दाबलं. "तपासणी नाही झाली, तर तुम्हालाच धोका आहे, हे सांगणं माझं कर्तव्य आहे."

"सांगितलंस. झालं तुझं कर्तव्य."

समोरच्या खाटेवर वसईचे जोसेफ डिमेलो होते. बँकेतून निवृत्त झालेले, पुतण्याच्या यकृताचा तुकडा घेऊन वर आलेले. ते इतका वेळ डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच आपली बाही खाली ओढून बटण लावलं.

"माझंपण नाही मिळणार," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत पाचव्या खाटेपर्यंत सगळ्यांच्या बाह्या खाली आल्या होत्या. खालून आधी विनवण्या आल्या, मग नियम आले, मग एक मानसोपचारतज्ज्ञ आल्या. त्रिशलाने त्यांच्याशी व्हॉलीबॉलवर भरपूर गप्पा मारल्या आणि हात काही पुढे केला नाही. जगभरच्या संशोधकांचं लक्ष अश्विनीच्या रक्तावर होतं, आणि ते रक्त आता थेंबभरही खाली येत नव्हतं. पंधरवडा संपायच्या आत सबनीस पडद्यावर आले.

"एकच रुग्ण," ते म्हणाले. "फक्त तुम्ही. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"तुम्ही म्हणायचं," त्रिशला म्हणाली. "मग मी विचार करीन."

वजनघरात शिरून दार लावलं तेव्हा सुरुवातीला काहीच कळलं नाही. मग कपाळाभोवती तरंगणारे केस सावकाश खांद्यावर येऊन टेकले. पाय जमिनीला लागले. उन्हाळाभर पंख्याचा आवाज ऐकत राहिल्यावर तो बंद पडावा आणि मग शांतता जाणवावी, तसं काहीतरी झालं. वजन नसताना डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच गोळा होऊन राही. आज ते गालावरून खाली ओघळलं, आणि त्रिशलाला त्याचंच हसू आलं.

चंद्राएवढं वजन तिने सहज पेललं, मंगळाएवढंही. हाडं दुखायची, संध्याकाळी पाय थरथरायचे, पण रक्ततपासण्या चांगल्या येत होत्या. आता ती रक्त न मागता द्यायची. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालायची आणि मधूनच मैदानावरच्या जुन्या सवयीने टाचा उचलून उडी घ्यायची. आणि वजन अर्ध्याच्या पुढे गेलं, तसा ताप भरला.

ताप चढत गेला. कपाळावरचे फोड लालबुंद झाले. दुपारच्या तपासणीत किडनीचा आकडा वाढलेला आला. राऊळांचंही असंच सुरू झालं होतं.

"थांबवा," सबनीस पडद्यावरून म्हणाले. "दांडा आत्ताच्या आत्ता थांबवा. वजन गेलं की पेशी झोपतील, किडनी वाचेल."

त्रिशलाने रेहानाकडे पाहिलं. ती दोन दिवसांपासून वजनघरातच मुक्कामाला होती. "खरं सांग."

"खरं म्हणजे मला नक्की माहीत नाही," रेहाना म्हणाली. "तापाने आणि नागिणीच्या औषधानेही हा आकडा वाढतो. पेशी उठल्यात, यात शंका नाही. पण कुणावर उठल्यात, ते किडनीचा सुईएवढा तुकडा काढून बघितल्याशिवाय कळणार नाही. तुकडा मी इथे काढू शकते. निकालाला उद्या सकाळ होईल. तोवर दांडा फिरता ठेवला आणि हल्ला किडनीवरच असेल, तर उशीर झालेला असेल."

"आणि थांबवला तर?"

"किडनी वाचेल. पण परत ही खोली कुणाला उघडू देणार नाहीत."

सबनीसांच्या शेजारी पडद्यावर अजून एक चौकोन उघडला. प्रचिती होती. सबनीसांनीच तिला बोलावलं असणार. आपलं ऐकत नाहीत, तर निदान मुलीचं ऐकतील, या आशेने.

प्रचितीने तोंड उघडलं आणि तशीच थबकली.

"तू उभी आहेस?"

"मग काय!" त्रिशलाला धाप लागली होती. तिने भिंतीचा आधार सोडला.

"चालून दाखव."

त्रिशला चालली. चार पावलं जाऊन वळली, परत आली. खाली सांगलीतल्या केंद्रात बसून प्रचिती तिच्या पायांकडे बघत होती, रोजच्या पेशंटच्या पायांकडे बघायची तशीच.

"डावा पाय ओढतेस. गुडघा पुरता सरळ करत नाहीस."

"करते."

"नाही करत. परत चाल." त्रिशला परत चालली. "आई, मी तुला थांब म्हणून सांगायलाच आले होते. सरांना तसं कबूल केलंय."

"मग सांग की."

प्रचितीने मान हलवली. "नाही सांगणार. पण चालू ठेव असंही नाही सांगणार. ते माझ्या तोंडून निघणार नाही."

"नको काढूस. मी सांगते." त्रिशला पडद्याकडे वळली. "सबनीस सर, तुमच्यावर काही नाही. लिहून ठेवा, बाईंनी ऐकलं नाही. दांडा फिरू दे. रेहाना, काढ तुझा तुकडा."

सुई टोचताना तिने दात आवळले. मग ती आडवी पडली, अंगात ताप आणि अंगावर आपलंच अर्धं वजन घेऊन. झोप लागली नाही. किडनी दुखत नसते, हे तिला माहीत होतं. तरी रात्रभर तिचा हात तिथेच होता. चुकलो असू तर? चुकलो असलो, तर निदान चूक आपली असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. मध्यरात्रीनंतर मात्र एवढ्याने धीर येईना. तेव्हा तिने प्रचितीची लहानपणाची सगळी दुखणी एकेक करून आठवली, गालगुंडापासून टायफॉइडपर्यंत. पोरगी त्या सगळ्यांतून उठली होती.

सकाळी रेहाना सूक्ष्मदर्शकावरून उठली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"किडनीत पेशी आहेत," ती म्हणाली.

त्रिशलाचा हात परत पोटावर गेला.

"आहेत, पण बसून आहेत. जाग्या आहेत, पण हात उचलत नाहीत. फोडातलं पाणीसुद्धा बघितलं मी, मॅडम. तिथे नुसती झुंबड उडालीय. तुमच्या पेशी नागिणीवर तुटून पडल्यात. हा ताप त्याचा आहे."

पडद्यावर सबनीसांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर दोन्ही तळवे दाबून धरले. प्रचितीने ओंजळीत तोंड लपवलं. त्रिशलाला काहीतरी मोठं बोलावंसं वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मला भूक लागलीय."

ताप उतरला, तसे फोड सुकत गेले आणि खपल्या धरल्या. पूर्ण वजनापर्यंत पोचायला आणखी बरेच दिवस गेले. त्यात एकदा पडून तिचं मनगट मोडलं, एकदा रेहानाशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ज्या यानातून राऊळ गेले होते, त्याच जातीच्या यानात बसून त्रिशला खाली आली. रत्नागिरीजवळ समुद्रात यान उतरलं. बोटीवर तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तिने आधी आरडाओरडा केला. मग उभी राहायला गेली आणि चक्कर येऊन मुकाट्याने आडवी झाली.

किनाऱ्यावरच्या केंद्रात तिला काचेच्या खोलीत ठेवलं. जंतूंपासून जपायचं म्हणून भेटायला येणाऱ्याने काचेबाहेर उभं राहायचं. प्रचिती आंबा घाट उतरून आली ती तोंडाला मास्क लावून, आवाज बसलेला. काचेपासून चांगली लांब उभी राहिली आणि तिथून बोलायला लागली.

"मला सर्दी झालीय. जवळ नाही येत. दोन-तीन दिवसांनी परत येते."

त्रिशला खाटेवरून उठली. डावा गुडघा मुद्दाम सरळ करत, भिंतीचा आधार न घेता दारापर्यंत गेली. नर्स "अहो मॅडम, अहो!" करत धावली, तोवर तिने कडी काढलीही होती.

"आई, काय करतेस! सर्दी आहे म्हटलं ना मला!"

"किडनी देताना मागेपुढे बघितलं नाहीस," त्रिशला म्हणाली, "आणि सर्दी द्यायला घाबरतेस?"

प्रचितीने तिच्या दंडावर एक चापट मारली. चांगली लागेल अशी. महिन्यांचा राग होता तो. मग दुसरी मारली आणि तिसऱ्या वेळी हात तिथेच ठेवून आईच्या खांद्यात तोंड खुपसून हमसून रडली. मास्क कधीच गळ्यात आला होता. नर्स दारात उभी राहिली आणि थोड्या वेळाने सबनीसांना फोन करायला निघून गेली.

त्रिशला शिंकली ती दोन दिवसांनी. केंद्रात एकच धावपळ उडाली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, परत रक्त. किडनीचा आकडा जागचा हलला नाही. नाक गळलं, घसा खवखवला, एक दिवस बारीक ताप राहिला. प्रचिती खाटेशी बसून सुंठेचा काढा पाजत होती आणि गुडघ्याचे व्यायाम करून घेत होती. मधूनमधून भांडतही होती, कारण ते अजून पुरतं संपलेलं नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी सबनीसांचा फोन आला. डिमेलोंना वजनघरात पाठवायला मंडळाने मंजुरी दिली, असं त्यांनी सांगितलं. मग थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "आणि तुमची सर्दी?"

"गेली," त्रिशला म्हणाली. "मी घालवली."